कोबी ब्रायंटचा अखेरचा करार : दाम किती, मोल किती?

लॉस एंजेलिस लेकर्स या अमेरिकेतील नामवंत बास्केटबॉल संघाने २५ नोव्हेंबर २०१३ रोजी कोबी ब्रायंटशी दोन वर्षांचा नवा करार केला. रक्कम होती ४ कोटी ८५ लाख डॉलर. त्या दिवशी ब्रायंटने वयाची पस्तिशी गाठलेली होती आणि सात महिन्यांहून अधिक काळ तो एकही सामना खेळलेला नव्हता. तरीही पुढील दोन्ही मोसमांत एनबीए या व्यावसायिक लीगमधील सर्वाधिक वेतन घेणारा खेळाडू तोच राहणार होता. करार जाहीर होताच क्रीडाविश्वात जो वाद सुरू झाला, तो ब्रायंट निवृत्त झाल्यानंतरही शमला नाही. उतरणीला लागलेल्या महान खेळाडूला इतके वेतन द्यावे का? आणि दिलेच, तर ते त्याने नेमके कशाबद्दल मिळवले असे समजायचे?

२६ जानेवारी २०२० रोजी हेलिकॉप्टर अपघातात ब्रायंटचा दुर्दैवी अंत झाला. त्यानंतर त्याच्या कारकिर्दीविषयी लिहिताना हा करार बहुधा हळूच बाजूला ठेवला जातो. वस्तुतः ज्येष्ठ खेळाडूंच्या वेतनाचा प्रश्न समजून घ्यायचा, तर याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण आहे. कारण यात खेळाडूचा, संघाचा आणि संघमालकाचा असे तीन वेगवेगळे हिशेब आहेत आणि तिघांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.

वेतनमर्यादेचे गणित

एनबीएमध्ये एखाद्या खेळाडूचे वेतन केवळ डॉलरमध्ये पाहून भागत नाही. १९८४-८५च्या मोसमापासून या लीगमध्ये संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आहे. दरवर्षी लीगच्या उत्पन्नानुसार हा आकडा ठरतो. आपल्याकडे आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाच्या थैलीत ठरावीकच रक्कम असते. एकावर अधिक खर्च केला की इतरांसाठी कमी उरते. तत्त्व तेच. फरक इतकाच, की एनबीएची मर्यादा लवचीक आहे. आपल्याच संघातील जुन्या खेळाडूला राखण्यासाठी ती ओलांडण्याची मुभा असते. बोस्टन सेल्टिक्सच्या लॅरी बर्डच्या नावाने ही सवलत ओळखली जाते. परंतु बाहेरचा मोठा खेळाडू आणायचा असेल, तर मर्यादेच्या आत पुरेशी जागा लागते. म्हणून खेळाडूचे खरे मोल मोजण्याचा मापदंड म्हणजे त्याने या मर्यादेचा किती हिस्सा व्यापला आणि त्याबदल्यात किती विजय दिले.

२०१४-१५मध्ये वेतनमर्यादा सुमारे ६ कोटी ३१ लाख डॉलर होती आणि ब्रायंटचे वेतन २ कोटी ३५ लाख डॉलर. म्हणजे सुमारे ३७ टक्के. पुढील मोसमात मर्यादा ७ कोटी झाली, तेव्हा त्याचे वेतन अडीच कोटी, म्हणजे जवळजवळ ३६ टक्के होते. एनबीएच्या संघात १५ खेळाडू असतात. त्यांतील एकाने मर्यादेचा एक तृतीयांशाहून मोठा वाटा घेतल्यावर उरलेल्या चौदा जणांची व्यवस्था कशी लावायची, हा लेकर्सपुढील प्रश्न होता.

येथे ब्रायंटच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. २०१३-१४मध्ये जुन्या करारानुसार त्याचे वेतन सुमारे ३ कोटी ४ लाख डॉलर होते. त्या तुलनेत नव्या करारात त्याने वार्षिक कपात स्वीकारली होती. पण ही कपात त्याला सर्वाधिक वेतनाच्या स्थानावरून खाली आणण्याइतकी मोठी नव्हती.

ऐन भरातील स्वस्त खेळाडू

ज्येष्ठ खेळाडूंना वाजवीपेक्षा अधिक वेतन का मिळते, याचे उत्तर त्यांच्या तरुणपणात दडलेले आहे. शिकागो बुल्सने १९९७-९८च्या मोसमात मायकेल जॉर्डनला सुमारे ३ कोटी ३१ लाख डॉलर दिले. त्या वर्षी संपूर्ण संघासाठीची वेतनमर्यादाच २ कोटी ६९ लाख डॉलर होती. एका खेळाडूचे वेतन संघाच्या मर्यादेहून मोठे, असे हे विलक्षण चित्र होते. बुल्सने त्या मोसमात विजेतेपद मिळवले आणि त्या वेतनाविषयी कोणी तक्रार केली नाही.

त्यानंतर मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात संघर्ष झाला. १९९८-९९चा मोसम टाळेबंदीमुळे उशिरा सुरू झाला आणि नव्या सामूहिक करारात प्रत्येक खेळाडूच्या वेतनावरही कमाल मर्यादा आली. लीगमधील अनुभवाच्या वर्षांनुसार ती ठरू लागली. दहा वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी ती सर्वांत मोठी, तर नवोदितांसाठी सर्वांत लहान. परिणाम असा झाला, की खेळाडू ऐन भरात असतो तेव्हा नियम त्याचे वेतन रोखून धरतात आणि त्याचा खेळ ओसरू लागतो तेव्हा तेच नियम त्याला अधिक वेतनाची वाट मोकळी करून देतात.

ब्रायंटचेच उदाहरण घ्या. २०००, २००१ आणि २००२ अशी लागोपाठ तीन विजेतीपदे मिळवणाऱ्या लेकर्समध्ये शकील ओनीलच्या जोडीने तो मुख्य खेळाडू होता. २००५-०६मध्ये त्याने प्रत्येक सामन्यात सरासरी ३५.४ गुण नोंदवून लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. २२ जानेवारी २००६ रोजी टोरांटो रॅप्टर्सविरुद्ध एकट्याने ८१ गुण केले. त्या मोसमात त्याचे वेतन १ कोटी ५९ लाख डॉलरच्या आसपास होते. खुल्या बाजारात त्याला याहून कितीतरी अधिक मिळाले असते, यात शंका नाही. २००९ आणि २०१०ची विजेतीपदेही त्याच्याच नेतृत्वाखाली आली. तेव्हा २०१३चा करार म्हणजे जुन्या थकबाकीची परतफेड होती, असे त्याचे समर्थक म्हणतात, त्यात तथ्य आहे. अडचण एवढीच, की वेतनमर्यादेच्या वहीत थकबाकी जमा करण्यासाठी रकाना नाही. मागच्या विजेतेपदाची रक्कम यंदाच्या खात्यातून दिली, तर यंदाचा संघ तेवढाच दुबळा होतो.

दुखापतीची पूर्वसूचना

१२ एप्रिल २०१३ रोजी गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्धच्या सामन्यात ब्रायंटच्या डाव्या पायाचा, पोटरीला टाचेशी जोडणारा ‘अकिलीस’ स्नायुरज्जू तुटला. तशाही स्थितीत त्याने आपले दोन्ही फ्री थ्रो यशस्वी केले आणि मगच तो मैदानाबाहेर गेला. त्याच्या जिद्दीचे हे दृश्य क्रीडारसिकांच्या स्मरणात कायमचे कोरले गेले. परंतु त्याआधीचे काही दिवसही पाहायला हवेत. बाद फेरी गाठण्यासाठी लेकर्सची धडपड सुरू होती आणि ३४ वर्षांच्या ब्रायंटला जवळजवळ विश्रांती मिळत नव्हती. १० एप्रिलला पोर्टलंडमध्ये तो पूर्ण ४८ मिनिटे खेळला आणि त्याने ४७ गुण केले. दोन दिवसांनी ही दुखापत झाली.

या दुखापतीचा इतिहास खेळाडूंच्या मनात धास्ती निर्माण करणारा होता. डेट्रॉइट पिस्टन्सचा आयझाया थॉमस याची कारकीर्द १९९४मध्ये याच दुखापतीने संपली. अटलांटा हॉक्सचा डॉमिनिक विल्किन्स मात्र १९९२मधील अशाच दुखापतीनंतर परतला आणि पुढील मोसमात त्याने सरासरी २९.९ गुण केले. पण तेव्हा तो बत्तीस-तेहतीस वर्षांचा होता. ब्रायंटच्या पायांवर तर सतरा मोसमांचा भार पडलेला होता. पुनरागमन अशक्य नव्हते. त्याची हमी मात्र कोणीच देऊ शकत नव्हते.

असे असताना लेकर्सने करार केला तो ब्रायंट मैदानात परतण्याच्या तेरा दिवस आधी. त्याचा चालू करार २०१४च्या उन्हाळ्यापर्यंत होता. तो पुन्हा कसा धावतो, कशी उडी घेतो, हे पाहून निर्णय घेण्यास संघाकडे सात महिने होते. ८ डिसेंबरला तो परतला आणि अवघे सहा सामने खेळला. १७ डिसेंबरला मेम्फिसमध्ये त्याच्या डाव्या गुडघ्याचे हाड मोडले आणि तो मोसम तेथेच संपला. नव्या कराराचा पहिला डॉलर देय होण्याआधीच त्याची जोखीम उघडी पडली होती.

मैदानावरील हिशेब

कराराच्या पहिल्या मोसमात, २०१४-१५मध्ये, ब्रायंट ३५ सामने खेळला. सरासरी २२.३ गुण ही पस्तिशीपुढील खेळाडूसाठी मोठीच कामगिरी. पण त्याच्या फेकींपैकी केवळ ३७.३ टक्के यशस्वी ठरल्या, तेव्हा लीगची सरासरी सुमारे ४५ टक्के होती. त्या मोसमातील दोन विक्रम एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत असे आहेत. नोव्हेंबरमध्ये तो एनबीएच्या इतिहासात सर्वाधिक फेकी चुकवणारा खेळाडू ठरला. डिसेंबरमध्ये त्याने एकूण गुणांत मायकेल जॉर्डनला मागे टाकून तिसरे स्थान मिळवले. जानेवारी २०१५मध्ये खांद्याच्या दुखापतीने हाही मोसम अर्ध्यावर थांबला. लेकर्सने ८२पैकी २१ सामने जिंकले.

दुसऱ्या मोसमात तो ६६ सामने खेळला. सरासरी १७.६ गुण आणि फेकींचे यश ३५.८ टक्के. लेकर्सचे विजय १७, पराभव ६५. संघाच्या इतिहासातील हा नीचांक होता.

दोन्ही मोसमांची बेरीज केली, तर १६४ सामन्यांपैकी १०१ सामन्यांत तो खेळला आणि त्याने १,९४३ गुण केले. म्हणजे एका सामन्यामागे सुमारे ४ लाख ८० हजार डॉलर आणि एका गुणामागे जवळजवळ २५ हजार डॉलर. संघाचे एकूण विजय अवघे ३८. केवळ खेळाच्या तराजूत तोलले, तर हा करार तोट्याचा होता, याबाबत दुमत होण्याचे कारण नाही.

१३ एप्रिल २०१६ची रात्र तर या साऱ्या विसंगतीचे सारच होती. लॉस एंजेलिसमध्ये ब्रायंट आपला अखेरचा सामना खेळत होता. ३७ वर्षांच्या या खेळाडूने ५० फेकी केल्या आणि ६० गुण नोंदवून युटा जॅझविरुद्ध १०१-९६ असा विजय मिळवून दिला. त्याच रात्री ओकलंडमध्ये वॉरियर्सने मोसमातील ७३वा विजय मिळवून विक्रम केला. वॉरियर्सचा स्टीफन करी त्या वर्षी एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याचे वेतन होते सुमारे १ कोटी १४ लाख डॉलर, ब्रायंटच्या निम्म्याहून कमी. घोट्याच्या दुखापतींनी ग्रासलेला असताना २०१२मध्ये करीने चार वर्षांसाठी ४ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला होता. दुखापतीची जोखीम दोन्ही करारांत होती. वॉरियर्सने तिची किंमत वजा करून रक्कम ठरवली. लेकर्सने ती मोजलीच नाही.

मालकाच्या वहीत नफा

मात्र संघ म्हणजे केवळ विजय-पराजयाची नोंदवही नव्हे. तो व्यवसायही आहे. लेकर्सचा स्थानिक दूरचित्रवाणीशी वीस वर्षांचा, काही अब्ज डॉलरचा करार २०१२-१३च्या मोसमापासून लागू झाला होता. त्या वाहिनीला रोज रात्री प्रेक्षक हवे होते आणि हरणाऱ्या संघातही पाहावेसे वाटेल असे एकच नाव होते. नोव्हेंबर २०१५मध्ये ब्रायंटने हा आपला शेवटचा मोसम असल्याचे जाहीर केले. तेव्हापासून प्रत्येक शहरातील त्याचा सामना म्हणजे निरोपाचा सोहळा ठरला. २०१६च्या ऑल-स्टार सामन्यासाठी चाहत्यांची सर्वाधिक मते त्यालाच मिळाली. त्या मोसमात विक्रमी खेळ करणारा करीही मागे पडला.

याचा अर्थ असा, की तिकिटे, प्रक्षेपण आणि मालाची विक्री यांचा विचार केला, तर मालकाने दिलेले अडीच कोटी डॉलर वाया गेले नाहीत. वेतनमर्यादेचे वैशिष्ट्य नेमके येथेच आहे. खेळाडूने खेचून आणलेले उत्पन्न मालकाच्या तिजोरीत जाते. त्याच्या वेतनाचा भार मात्र संघाच्या मर्यादेवर पडतो. नफा एकाच्या खात्यात आणि खर्च दुसऱ्याच्या, असा हा व्यवहार आहे.

कपात स्वीकारणारे दोघे

ब्रायंटवर टीका करताना दोन समकालीनांची उदाहरणे हटकून दिली जातात. सॅन अँटोनियो स्पर्सच्या टिम डंकनचे वेतन २०११-१२मध्ये सुमारे २ कोटी १२ लाख डॉलर होते. २०१२मध्ये त्याने तीन वर्षांसाठी सुमारे ३ कोटी डॉलरचा करार केला, म्हणजे वेतन निम्म्यावर आणले. वाचलेल्या जागेत स्पर्सने आपला संघ टिकवला. २०१३मध्ये ते अंतिम फेरीत सातव्या सामन्यात हरले. २०१४मध्ये विजेते ठरले. डंकन तेव्हा ३८ वर्षांचा होता.

डॅलस मॅव्हरिक्सच्या डर्क नोवित्झ्कीने त्याहून मोठा त्याग केला. २०१४मध्ये इतर संघांकडून चार वर्षांसाठी सुमारे ९ कोटी ७० लाख डॉलर मिळण्याची संधी नाकारून त्याने डॅलसशी तीन वर्षांसाठी अडीच कोटींचा करार केला. फळ काय मिळाले? २०१५ आणि २०१६ या दोन्ही वर्षी मॅव्हरिक्स बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात गारद झाले.

या दोन उदाहरणांचा बोध एकच. वेतनातील कपात ही केवळ संधी आहे, यश नव्हे. वाचलेल्या पैशातून योग्य खेळाडू आणणारे व्यवस्थापन असेल, तरच त्या त्यागाला अर्थ येतो. डंकनमागे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांची सुसूत्र यंत्रणा उभी होती.

त्यागाच्या या अपेक्षेला आणखी एक बाजू आहे. २०११च्या टाळेबंदीनंतर झालेल्या सामूहिक करारात लीगच्या उत्पन्नातील खेळाडूंचा वाटा ५७ टक्क्यांवरून सुमारे निम्म्यावर आला. वेतनावरील बंधने मालकांनी आग्रहाने आणली आणि त्या बंधनांमुळे संघ उभारता येत नाही म्हणून खेळाडूनेच पुन्हा स्वतःचे वेतन सोडावे, अशी अपेक्षा धरली गेली. ब्रायंटने या अपेक्षेविरुद्ध उघडपणे नाराजी व्यक्त केली होती. व्यवहार म्हणून त्याचे म्हणणे चुकीचे ठरवता येणार नाही. मालकाने देऊ केलेली रक्कम घेतली, हा काही खेळाडूचा अपराध होत नाही.

दोष कोणाचा?

लेकर्सची दुर्दशा या एका करारामुळे झाली, असे म्हणणे सोपे आहे. पण ते अर्धसत्य आहे. ड्वाइट हॉवर्ड हा करार होण्यापूर्वीच, जुलै २०१३मध्ये ह्यूस्टनला निघून गेला होता. २०१४च्या उन्हाळ्यात लेकर्सने कार्मेलो अँथनीसाठी प्रयत्न केले. तो न्यूयॉर्कमध्येच राहिला. पॉ गॅसोल शिकागोला गेला. २०१५मध्ये लामार्कस ऑल्ड्रिजशी बोलणी झाली; त्याने सॅन अँटोनियो निवडले. म्हणजे ब्रायंटचे वेतन देऊनही मोठ्या खेळाडूंशी बोलणी करता येत होती; खेळाडूच यायला तयार नव्हते. निम्म्या वेतनावर ब्रायंट खेळला असता, तरी दुसरा मोठा खेळाडू आलाच असता, असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

फेब्रुवारी २०१३मध्ये मालक जेरी बस यांचे निधन झाले होते आणि खेळविषयक निर्णय त्यांचे पुत्र जिम बस यांच्या हाती आले होते. सरव्यवस्थापक होते मिच कपचॅक. एका युगाचा शेवट होत असताना दुसऱ्याची तयारी करणे हे त्यांचे काम होते. त्याऐवजी त्यांनी युगच दोन वर्षांनी वाढवून घेतले. फेब्रुवारी २०१७मध्ये जेनी बस यांनी आपल्या भावाला आणि कपचॅक यांना पदावरून दूर केले.

पराभवांतूनही लेकर्सला एक लाभ झाला. एनबीएच्या पद्धतीनुसार तळाच्या संघांना नवोदितांच्या निवडीत वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता अधिक असते. २०१६मध्ये लेकर्सने दुसऱ्या क्रमांकावर ब्रँडन इंग्रमची निवड केली. पुढे २०१९मध्ये अँथनी डेव्हिसला आणण्यासाठी दिलेल्या मोबदल्यात इंग्रमचा समावेश होता आणि डेव्हिस-लेब्रॉन जेम्स जोडीने २०२०चे विजेतेपद मिळवून दिले. अर्थात, हे फळ कोणी ठरवून पेरलेले नव्हते.

तोच वाटा, वेगळे उत्तर

ज्येष्ठ खेळाडूला मर्यादेचा मोठा हिस्सा देणे नेहमीच चुकीचे असते का? याचे उत्तर लेकर्सच्याच संघात पुढे मिळाले. २०२४-२५मध्ये लेब्रॉन जेम्सचे वेतन सुमारे ४ कोटी ८७ लाख डॉलर होते आणि वेतनमर्यादा १४ कोटी ६ लाख. म्हणजे पुन्हा सुमारे ३५ टक्के. ब्रायंटच्या दोन वर्षांच्या कराराइतकी रक्कम जेम्सला एकाच मोसमात मिळाली. पण मोसमाच्या मध्यावर चाळिशी गाठणारा हा खेळाडू ७० सामने खेळला, त्याने सरासरी २४.४ गुण केले आणि लीगच्या दुसऱ्या सर्वोत्तम संघात स्थान मिळवले. लेकर्सने ५० सामने जिंकले. बाद फेरीत पहिल्याच टप्प्यात पराभव झाला, हे खरे. परंतु वेतन आणि खेळ यांत तफावत होती, असे कोणी म्हणू शकले नाही.

दोन करारांतील फरक वयाचा नाही, कारण जेम्स अधिक वयस्क होता. फरक आहे तो निर्णयाच्या आधाराचा. जेम्सचा करार झाला तेव्हा तो नुकताच पूर्ण मोसम खेळून आला होता. ब्रायंटचा करार झाला तेव्हा संघासमोर होती ती केवळ आठवण. शिवाय २०२३च्या सामूहिक करारानंतर अशा चुकीची शिक्षा कडक झाली आहे. वेतनखर्चाची विशिष्ट वरची पातळी ओलांडणाऱ्या संघांना खेळाडूंची अदलाबदल आणि नव्या नेमणुका यांत जाचक बंधने सोसावी लागतात.

तेव्हा ब्रायंट त्या ४ कोटी ८५ लाख डॉलरच्या योग्यतेचा होता का? वीस मोसम एकाच संघाची सेवा, पाच विजेतीपदे आणि ३३,६४३ गुण यांचा विचार केला, तर त्याने घेतलेला प्रत्येक डॉलर कष्टाचा होता. प्रेक्षकांना आणि मालकाला त्याने मोबदला चुकता केला. परंतु त्या दोन मोसमांत त्याच्याबरोबर खेळणाऱ्या तरुण संघाला मात्र तो करार महागात पडला. कृतज्ञता व्यक्त करण्याचे मार्ग पुष्कळ असतात. डिसेंबर २०१७मध्ये लेकर्सने ब्रायंटचे ८ आणि २४ हे दोन्ही क्रमांक कायमचे निवृत्त केले. असा मान अन्य कोणत्याही लेकर्स खेळाडूला मिळालेला नव्हता. त्या सन्मानाने वेतनमर्यादेतील एक डॉलरही खर्ची पडला नाही.